साडूंची टिटवी

मुंबईत रोज जेवढी काळजी केली जाते तिच्यातली निम्मी एकटे आमचे साडू करतात. उरलेली निम्मी बाकीच्या लोकांनी आपापसांत वाटून घेतली आहे. हे मी चिडून म्हणत नाही, जवळजवळ अभिमानाने म्हणतो. कुणाच्या घराण्यात गाणं असतं, कुणाच्या घराण्यात पहिलवानी असते, तशी आमच्या सासुरवाडीच्या वाट्याला थोरल्या जावयाच्या रूपाने ही काळजी आली. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. परळला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात. उंचीने बेताचे, अंगात बारा महिने करड्या रंगाचा बुशशर्ट, आणि बाहेर मे महिन्याचं ऊन असो नाहीतर डिसेंबरातली संध्याकाळ, हातात छत्री. छत्री कशाला, असं मी एकदा विचारलं, तर मला म्हणाले, "वरून काय फक्त पाऊसच पडतो?" तेव्हापासून मीसुद्धा लोकांच्या गॅलऱ्यांखालून जरा अंतर ठेवून चालतो.

बरं, नोकरी तरी साधीसुधी असावी? तीस वर्षं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत आहेत. गिरगावापासून दादरपर्यंत अशी जुनी लिफ्ट सापडणार नाही जिच्या दोराला त्यांनी हात लावलेला नाही. आणि हा माणूस लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. कामापुरते ते लिफ्टच्या टपावर उभे राहतात, कारण तिथे दोर डोळ्यांसमोर असतो. पण आत शिरून, दार ओढून, बटण दाबून वर जाणं, नाव काढू नका. गिरगावात चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या एका बाईंना त्यांनी अर्धा तास समजावलं की दोर एक नसतो, अनेक असतात, त्यातला एकटा दोरसुद्धा अख्खी लिफ्ट पेलतो, तुम्ही अगदी निर्धास्त राहा. बाईंचं समाधान झालं. चला, वर चहा घ्या, म्हणाल्या. हे म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. चौदा मजले चढून हे पोचले तेव्हा चहावर साय धरलेली, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी कंपनीत फोन करून विचारलं की तुमचा माणूस नक्की कोणाच्या बाजूचा आहे. मी त्यांना खोदून विचारलं, तर म्हणाले की दोर तुटत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मग? "तुटलाच तर?" म्हणाले.

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये एकही फोटो असा नाही ज्यात ते वर बघत नाहीयेत. अंतरपाट धरलाय, लोक अक्षता टाकतायत, मी घामाघूम झालोय, आणि भाऊजी हॉलच्या पंख्याच्या हुकाकडे टक लावून उभे. मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी भटजींच्या कानात सांगून आमचे पाट हातभर डावीकडे सरकवले होते. तो पंखा आजही तिथेच आहे, गरगर फिरतोय. लालबागच्या गणपतीला सगळे मिळून गेलो की निघण्याआधी हे बॉलपेन काढून एकेकाच्या मनगटावर आपला फोन नंबर लिहितात. एकदा सासूबाईंच्या मनगटावर लिहायला लागले. सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, की जावईबापू, मी हरवले तर मला जरा बरंच वाटेल. तरी लिहिलाच.

आणि मिस्ड कॉल. त्यांच्याकडून कुणीही घरी निघालं की पोचल्यावर मिस्ड कॉल द्यायचा, हा कायदा. परळहून आमचं दादर म्हणजे काय हो, पानाचा तोबरा भरला तर थुंकायच्या आत येतं. पण द्यायचा. एकदा मी विसरलो. जेवणं उरकली, गॅलरीत आलो तर खाली फुटपाथवर छत्री. वर बघत उभे. मला बघितलं, हात केला, आणि चालू लागले. मी वरून हाका मारतोय, अहो या, निदान पाणी तरी घ्या. पण हे आपले पाठमोरे परळच्या दिशेने. मला त्या दिवशी राग आला होता, खोटं कशाला बोलू. माणसाने एवढी काळजी केली की समोरच्याला गुन्हेगार असल्यासारखं वाटतं.

शेवटी डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, हाताला काहीतरी चाळा ठेवा, नाहीतर हे ब्लडप्रेशर काही ऐकायचं नाही. आधी कुंड्या आणल्या. पण गॅलरीतली तुळस खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडेल म्हणून ती घरात आली, ऊन न मिळून सुकली, आणि तुळस सुकली म्हणून ब्लडप्रेशर आणखी चढलं. मग गिरगावातलं एक खेळण्यांचं जुनं दुकान बंद होत होतं तिथून हे खोकंभर मॉडेल किट घेऊन आले. किट म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेले बारीक बारीक तुकडे. ते कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की विमान तयार. यांनी आणलेली सगळी किटं अर्धवट. कशाचा पंख नाही, कशाची चाकं नाहीत. मला दया आली म्हणून त्यांच्या वाढदिवसाला मी एक कोरं करकरीत, सगळे भाग असलेलं किट भेट दिलं. ते आजही प्लॅस्टिकच्या कागदासकट कपाटावर आहे. "पूर्ण आहे हो ते," असं अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्या हातून बिघडलं तर?" अर्धवट किटचं तसं नाही. ते आधीच बिघडलेलं असतं, त्यामुळे त्यांना त्याच्याजवळ मोकळेपणाने बसता येतं.

आता ह्या किटचा पंख त्याला, त्याचं शेपूट ह्याला, असं करत गेलं की जे तयार होतं ते जगाच्या पाठीवर कुठेच नसतं. त्यातही भाऊजींना समाधान. खरं विमान केलं की कोणीतरी जाणकार येऊन सांगणार, खिडकी एक कमी आहे. जे नाहीच आहे त्यात चूक काढणार कशी? मला वाटलं, चला, एक विषय तरी बिनघोर झाला. कसला बिनघोर. विमान खोटं, पण त्यातल्या माणसांची काळजी खरी. पायलटला डावीकडचं दिसतं का, दार अडकलं तर बाहेर कुठून पडणार. नखाएवढ्या पायलटसाठी त्यांनी संकटकाळचं दार कोरलं आणि त्याला लाल रंग दिला. नियम मात्र एकच आणि फार कडक. सगळं मिसळा, पण माप मिसळायचं नाही. खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं मॉडेल असेल तर खिळासुद्धा बहात्तराव्या हिश्शाचाच. "माप चुकलं की ते खेळणं झालं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, हिला हातात पाना धरायला त्यांनीच शिकवलं. रविवारी बाप लिफ्टची मोटर उघडून बसायचा आणि पोर शेजारी बसून स्क्रू मोजायची. त्याचं फळ असं, की ती शिकून बोटीवर इंजिनियर झाली. मालवाहू जहाज, सहा-सहा महिने समुद्रात. तिने घरी सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही तिथे होतो. सगळ्यांनी भाऊजींकडे बघितलं. ते उठले, आत जाऊन गॅसचा रेग्युलेटर तपासून आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बोटीवर जिना असतो ना?" असतो म्हणाली. मग ठीक आहे म्हणाले. बस. पंख्याच्या हुकाला घाबरणारा माणूस, पण पोरीला नको म्हणाला नाही. मला वाटतं, आपण नको म्हटलं आणि तिने खरंच ऐकलं तर काय, याची भीती त्यांना जास्त वाटली असावी. तिच्या बॅगेत त्यांनी शिट्टी भरली, टॉर्च भरला, दोर भरला, आणि चाळीस सूचनांचा कागद भरला. त्यातली सतरावी अशी होती की कठड्याला टेकून सेल्फी काढू नये.

ती गेली आणि टेबलावर हेलिकॉप्टर आलं. कुठल्याशा दोन किटांचं मिळून केलेलं, साधंच. बोट तेव्हा आखाताकडे जात होती. मग ती सिंगापूरच्या पलीकडे गेली, आणि मी बघतो तर हेलिकॉप्टरला दोन्ही बाजूंनी विमानाचे आखूड पंख आलेले. पुढे बोट आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हा शेपटीच्या टोकाला मागून ढकलणारा आणखी एक पंखा बसला. हे काय चाललंय, मी विचारलं. त्यांनी मला पोराला समजवावं तसं समजावलं, की साधं हेलिकॉप्टर हवेत थांबतं पण लांब जात नाही, विमान लांब जातं पण थांबत नाही. तेव्हा वर उचलायचं काम डोक्यावरच्या पंख्याने करायचं आणि पळायचं काम बाजूच्या पंखांनी आणि मागच्या पंख्याने वाटून घ्यायचं. याला कंपाउंड हेलिकॉप्टर म्हणतात. त्यांचं हे विशिष्ट हेलिकॉप्टर अर्थातच कुठल्याही देशाकडे नाही. टेबलावर शाळेतला नकाशासंग्रह उघडा होता, अरबी समुद्रावर कपाचा डाग, आणि शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर टाचणीने खोचलेलं. तो दोरा बोटीपर्यंत जात होता आणि तिथून परत फिरून मुंबईला येत होता.

"दुहेरी कशाला?" मी विचारलं.

"जाऊन यायचं ना," ते म्हणाले आणि पॉलिश पेपर घासत राहिले.

मी तोपर्यंत हसत होतो, मग माझ्या लक्षात आलं. बोट जेवढी लांब, तेवढी टाकी मोठी, तेवढे पंख रुंद. म्हणून ते मॉडेल कधी पुरं होत नव्हतं. नाव त्यांनी टिटवी ठेवलं होतं. यावरून घरात भांडण झालं, कारण टिटवीचं ओरडणं अशुभ; आमची मेहुणी एरवी छान पुणेरी बोलते, पण चिडली की थेट मालवणात उतरते. "तुमका दुसरा नाव गावूक नाय?" म्हणाली. भाऊजींचं म्हणणं वेगळंच. टिटवी म्हणे पाय वर करून झोपते, आभाळ पडलंच तर धरायला कोणीतरी हवं म्हणून. मी म्हटलं, नाव बरोबर आहे, फक्त तुम्ही ते आरशात बघून ठेवलंय. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी मला जाताना दोनदा जिना सांभाळायला सांगितलं.

मग ते सहा दिवस आले. भाचीचा रोज सकाळी निदान एक शब्द तरी यायचा, 'ठीक' एवढाच. एका सोमवारी आला नाही. मंगळवारीही नाही. कंपनीच्या ऑफिसात फोन केला तर त्या भागात हवा खराब आहे, जहाजावरचा संपर्क बंद दिसतोय, कळवतो, असं ठरलेलं उत्तर. मेहुणीने देव पाण्यात घातले. माझ्या बायकोने ऑफिसातून रजा टाकली आणि आम्ही दोघं परळला जाऊन बसलो. मला एकच धास्ती होती, भाऊजींचं काय होणार. मी त्यांच्या गोळ्या कुठे आहेत ते विचारून ठेवलं, जवळच्या हॉस्पिटलचा नंबर फोनमध्ये घातला. आणि बघतो तर काय, हा माणूस अगदी शांत. सकाळी आंघोळ करून खिडकीशी टेबलावर बसायचा, चिमट्याने तुकडा उचलायचा, फुंकर मारायचा, बसवायचा. आयुष्यभर न पडलेल्या पंख्यांसाठी घाबरलेला हा माणूस, खरोखरीची भीती दारात आल्यावर तिला खुर्ची देऊन कामाला लागला होता. घाबरत होतो मी. जिन्यावर पाऊल वाजलं की मी दार उघडून बघायचो. दुसऱ्या दिवशी मी खाली दूध आणायला गेलो आणि माझ्या लक्षात आलं की मी गॅलरीखाली थांबून वर बघतोय.

चौथ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि डोक्यावरचा मोठा पंखा धरायला दिला. दोन बोटांत, दाब न देता, गोंद वाळेपर्यंत. मी श्वास रोखून धरला. आत डोकावलं तर पुढे हेल्मेटवाले दोन पायलट, मागे दोन खुर्च्या, दोन्ही रिकाम्या. त्यातल्या एकीला कागदाच्या पट्टीचा बारीक पट्टा होता, उघडा ठेवलेला. ही कोणासाठी, मी विचारलं.

"येताना लागेल," ते म्हणाले.

दुसरीबद्दल विचारायचं मला सुधरलं नाही. डोळे पुसावेत तर हात हलवायची परवानगी नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी मला चहा झाला का बघायला आत पाठवलं. मी परत आलो तोवर मागचं दार चिकटवून झालेलं होतं.

शनिवारी दुपारी फोन वाजला. 'नेट गेलं होतं. ठीक आहे. जेवलात?' एवढंच. मेहुणी रडली, माझी बायको रडली, मी गॅलरीत जाऊन रडलो, नाही कशाला म्हणू. भाऊजींनी तो निरोप तीनदा वाचला, चष्मा पुसला, नकाशावरून दोरा गुंडाळून शिवणाच्या डब्यात ठेवला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि म्हणाले, गॅलरीचा कठडा जुना आहे, टेकू नका. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दोन महिन्यांनी ती सुट्टीवर आली. उन्हाने रापलेली, बापापेक्षा वीतभर उंच. दादरला एका हॉलमध्ये मॉडेल करणाऱ्या हौशी लोकांचं रविवारी प्रदर्शन होतं, तिथे टिटवी न्यायचीच असं तिने ठरवलं. हॉल चौथ्या मजल्यावर. लिफ्ट होती. बापलेक खोकं घेऊन जिन्याने चढले, आणि त्यांच्यामागे धापा टाकत मी. टेबलांवर लोकांची खरी विमानं, खऱ्या आगबोटी. टिटवीभोवती मात्र गर्दी जमली. परीक्षक म्हणून आलेले एक वयस्कर गृहस्थ भिंग लावून बराच वेळ बघत होते. पंख छान, म्हणाले. जोड दिसत नाहीत, म्हणाले. भाऊजी छत्रीची मूठ घट्ट धरून उभे. मग गृहस्थांनी मागच्या खिडकीला भिंग लावलं आणि थांबले.

"हा मागचा माणूस चुकीच्या मापाचा आहे. पायलट बहात्तराव्या हिश्शाचे, आणि हा सरळ अठ्ठेचाळिसाव्या, म्हणजे त्यांच्या दीडपट. बघा, मान वाकवून बसलाय बिचारा. याला बदला."

मला वाटलं, संपलं. भाऊजी आता घरी जाऊन अंथरूण धरणार. ज्या माणसाने जन्मभर एकच नियम पाळला त्याचा तोच नियम चारचौघांत मोडलेला सापडला होता.

"माहीत आहे मला," भाऊजी म्हणाले. "लहान मापात सगळे हेल्मेटवाले मिळतात. साधा माणूस हा एकच मिळाला. राहू दे त्याला."

भाचीने फोनचा टॉर्च लावला आणि खाली वाकली. मीही वाकलो. उघड्या पट्ट्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी एक माणूस बसला होता. करडा बुशशर्ट. पायाशी तारेचा इवलासा तुकडा, काळ्या रंगाचा. छत्री. छताला डोकं लागत होतं म्हणून मान खाली घातलेली, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट.

तिने टॉर्च त्या छत्रीवर धरला. मग उभी न राहताच म्हणाली, "पप्पा, तुम्ही तर साध्या लिफ्टमध्येपण बसत नाही."

"लिफ्टमधून कुणाला आणायला जायचं नसतं," भाऊजी म्हणाले.

परीक्षकांनी भिंग खिशात ठेवलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. बक्षीस मिळालं नाही. येताना भाचीने बापाच्या हातातली छत्री स्वतःकडे घेतली आणि सगळा जिना त्यांच्या पुढे एक पायरी राहून उतरली. वरून काही पडलं नाही.

आता ती पुन्हा बोटीवर आहे. टिटवी कपाटावर, त्या न उघडलेल्या किटच्या शेजारी, तोंड पश्चिमेला करून. भाऊजी तिला नवे पंख लावत नाहीत. नकाशा मात्र उघडा असतो आणि दोरा, मी बघितलं, पूर्वीपेक्षा लांब आहे. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. निघताना त्यांनी नेहमीसारखा जिना सांभाळायला सांगितला. पूर्वी मी या सगळ्याला हसायचो. त्या दिवशी घरी आल्यावर चपला काढायच्या आधी मिस्ड कॉल दिला. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत त्यांनी तो कापला.